ब्यावको

बाईंनी वहिनीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, मनातल्या मनात थोडे आकडे मोजले आणि अंगठा उचलला. खळगा मात्र तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रुतवून काढावं तसा.

वहिनी बैलगाडीच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती, कोबीच्या गड्ड्यांना टेकून. परक्या बाईनं भर रस्त्यात पाय उघडा करून बघितला म्हणून तिनं पदर नाकापर्यंत ओढला होता. माझा भाऊ, म्हणजे आण्णा, बैलांच्या तोंडाशी उभा राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"डोकं? दुखते?" बाईंनी विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून म्हटलं, सांग. ती पुटपुटली, की दुखतं, सकाळी उठल्या उठल्या जास्त, आणि वाकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. काजव्यांना पोलिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी बोटं उघडझाप करून दाखवली. बाईंचा चेहरा तेवढ्यानंच बदलला.

ही गोष्ट पंचेचाळीस सालच्या जानेवारीची. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तेव्हा पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. रशियानं त्यांना घरादारांतून उचलून लांब थंडीच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथून जी वाचली, ती इराण, कराची करत पंचगंगेच्या काठी येऊन पोचली होती. आमचं गाव तिथून दोन मैलांवर. आण्णा एक दिवसाआड छावणीत भाजीची गाडी न्यायचा आणि सोबत मी जायचे. लग्न होऊन दीड वर्षात माझा नवरा पटकीनं गेला आणि मी पांढरं लुगडं नेसून माहेरी परत आले, तेव्हा मला अठरावं चालू होतं. घरात मला फारसं काम नव्हतं आणि कुठल्या कार्यात पुढं व्हायची सोय नव्हती. पण छावणीतल्या बायकांना माझं लुगडं पांढरं का, हे ठाऊकच नव्हतं. त्या मला बघून हसायच्या, नाव विचारायच्या, भाजीचं नाव त्यांच्या भाषेत म्हणायला लावायच्या. दीड वर्षात मी बाजारापुरतं पोलिश चुरूचुरू बोलायला लागले. कोबी म्हणजे कापुस्ता, बीट म्हणजे बुराकी, उद्या म्हणजे यूत्रो. मला दुसरं काही मिळवता आलं नव्हतं. ही भाषा मात्र मी मिळवली होती.

बाईंचं नाव यादविगा. आमच्या गाडीवाल्यांनी त्याचं 'यादवबाई' करून टाकलं होतं आणि त्यांनाही ते आवडलं होतं. वय चाळिशीचं, उंच, हाडकुळ्या, केस कानापर्यंत कापलेले. छावणीतल्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. लढाईच्या आधी त्यांच्या गावातल्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करत होत्या, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या बराकीपुढं गाडी थांबली, की त्या एक कोबी घ्यायला पंधरा मिनिटं लावायच्या, कारण तेवढ्यात त्या माझ्याकडून पाच मराठी शब्द वसूल करायच्या.

वहिनीला त्या दिवशी आम्ही गाडीत घेतलं होतं ते वळिवड्याच्या स्टेशनवर सोडायला. तिचे वडील रुकडीहून न्यायला येणार होते. तिला आठवा चालू होता. आधी दोन वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळं या खेपेला आमची आव्वा, म्हणजे आई, तिला फुलासारखी जपत होती. वहिनीचा चेहरा गोल झाला होता, हाताच्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या आणि आव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायची, की आमची सुगंधा अंगानं भरली.

बाईंनी आतून एक छोटी स्वच्छ बाटली आणली आणि खुणांनी सांगितलं, यात लघवी पाहिजे. मी लाजून अर्धी झाले, पण वहिनीला मोरीत घेऊन गेले. बाटली घेऊन बाई आत गेल्या, दार लावलं. आम्ही बाहेर थांबलो. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा घाईनं बोलायला लागल्या. त्यांच्या बोलण्यातले बरेच शब्द माझ्या डोक्यावरून गेले. चार मात्र नीट कळले. 'दुझो ब्यावको', पुष्कळ ब्यावको. 'श्पिताल', दवाखाना. आणि 'जिशाय', आज.

ब्यावको हा शब्द मला पक्का ठाऊक होता. छावणीच्या बाजारात माझ्या शेजारी मुल्लाणींची बीबीजान अंडी विकायला बसायची. पोलिश बायका केक करायच्या आधी अंडं वाटीत फोडून बघायच्या आणि तिच्याशी भांडायच्या, की ब्यावको पाण्यासारखं झालंय, अंडं शिळं आहे. ब्यावको म्हणजे अंड्यातलं पांढरं.

आम्ही जैन. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नसत. बीबीजानच्या टोपलीला माझा पदर लागला तरी मी घरी जाऊन आंघोळ करायचे आणि आव्वाला सांगायचे नाही.

"काय म्हणतीय ती?" आण्णानं विचारलं.

मी बैलांकडं बघितलं. त्या क्षणाचा हिशोब मी पुढं कितीदा केला असेल. मला वाटलं, बाईंनी तपासून औषध सांगितलं: पुष्कळ अंडी खायला घाला, आजच दवाखान्यात न्या, तिथं ते घालतीलच. हे घरी कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला लख्ख दिसलं. आव्वानं वहिनीला दवाखान्याच्या दारात जाऊ दिलं नसतं. ते एक झालं. दुसरं, असला सल्ला देणाऱ्या लोकांत ती मला परत कधी पाठवणार नव्हती. खरं सांगायचं तर दुसरंच मला आधी दिसलं.

"अशक्तपणा आहे म्हणतात," मी म्हटलं. "दूध-तूप जास्त द्या. सवडीनं कधीतरी डॉक्टरला दाखवा. आणि गाडीचा प्रवास नको."

शेवटचं मी मनानं घातलं होतं. निदान ती डोळ्यांसमोर राहील असं वाटलं. स्टेशनवर जाऊन आण्णानं तिच्या वडिलांना निरोप सांगितला, ते तिला बघून परत गेले आणि आम्ही तिला घरी आणलं. आम्ही बराकीपुढून निघालो तेव्हा बाई गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभ्या होत्या. गाडी दवाखान्याच्या दिशेनं न जाता स्टेशनकडं निघाली, तशा त्या दोन पावलं गाडीमागं आल्या. मी हात हलवून 'दोब्झे, दोब्झे' म्हणाले. म्हणजे ठीक आहे, ठीक आहे.

त्या संध्याकाळी वहिनीच्या केसांना तेल लावताना मी तिला हळूच सांगितलं, की त्या बाईंनी खरं तर अंडी सांगितलीत. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. मग म्हणाली, "वन्सं, तसं असलं तर आईंना सांगू नका. मला ते गिळवायचं न्हाई. माझ्यापायी घर नको बाटायला." आणि थोड्या वेळानं, "पण डोकं लई दुखतंय."

आव्वानं त्या दिवसापासून दुधात जास्तीचं तूप घातलं. ताटात लोणचं आणि पापड वाढला, तोंडाला चव यावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी छावणीतून जादा कोबीची मागणी आली म्हणून आम्ही एक दिवस न सोडता पुन्हा गाडी नेली. बाई शाळेच्या दारात फळा पुसत उभ्या होत्या. मला बघून त्यांनी एकच शब्द विचारला, "श्पिताल?"

"यूत्रो," मी म्हणाले. उद्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिक्षक माणसाला खोटं ओळखायला भाषा लागत नाही. त्यांनी फळ्याचं फडकं खाली ठेवलं, आत जाऊन मुलांना काहीतरी सांगितलं, बराकीत जाऊन एक कातडी पिशवी भरून आणली आणि आमच्या गाडीत चढून बसल्या. कोबीचे गड्डे त्यांनी स्वतःच एका बाजूला सरकवले. आण्णा म्हणाला, अजून निम्मी भाजी जायची आहे. बाईंनी समोर गावाच्या दिशेला बोट दाखवलं. आण्णानं गाडी वळवली.

आव्वा अंगणात सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होती. गोरी बाई गाडीतून उतरून सरळ आत येतेय म्हटल्यावर ती उठून दारात उभी राहिली. मला म्हणाली, "त्यांना म्हणावं कट्ट्यावर बसा. आत देव आहेत." मी ओशाळून तसं सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पायातले बूट काढले, कट्ट्याच्या अगदी टोकाला बसल्या आणि पिशवी उघडली. स्पिरिटचा दिवा, काचेच्या दोन बारीक नळ्या, लाकडी चिमटा, व्हिनेगरची बाटली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. कालच्यापेक्षा तिचे डोळे बारीक दिसत होते, पापण्या सुजल्यामुळं.

बाईंनी एक नळी वहिनीकडं दिली आणि दुसरी माझ्यापुढं धरली. मला वाटलं, धरायला दिली. त्यांनी माझ्या पोटाकडं बोट केलं. तुझीही.

आता यात काय आहे ते मला कळेना, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. दोन्ही नळ्या भरून आल्या. बाईंनी त्या शेजारी शेजारी उजेडात धरून आव्वाला दाखवल्या. दोन्ही सारख्या, पिवळसर, नितळ. आव्वानं नाक मुरडलं, पण तिथून हलली नाही.

दिवा पेटवून बाईंनी आधी माझी नळी चिमट्यात धरली आणि तिचा वरचा भाग तापवला. बुडबुडे आले, वाफ आली. नळी बाजूला घेतली तर आतलं पाणी होतं तसंच नितळ. मग वहिनीची. बुडबुडे यायच्या आतच वरच्या भागात धूर कोंडल्यासारखं काहीतरी दिसलं. ते दाट होत गेलं, मग फाटल्यासारखं झालं आणि बघता बघता नळीच्या वरच्या निम्म्या भागात पांढऱ्या गुठळ्या धरल्या. बाईंनी व्हिनेगरचे थेंब सोडले. गुठळ्या विरल्या नाहीत. उकडलेल्या अंड्याचं पांढरं मी बीबीजानच्या पोरांच्या हातात पाहिलं होतं. हुबेहूब तसं.

"ब्यावको," बाई म्हणाल्या.

मी नुसती बघत राहिले. त्यांना कळलं, की मला अजून कळलेलं नाही. त्यांनी आजूबाजूला बघितलं. आमची भिंत संक्रांतीच्या आधीच चुन्यानं रंगवली होती. त्यावर त्यांनी हात ठेवला. "ब्यावा." गाडीतला कोबी दाखवला. "ब्यावा कापुस्ता." हे मला येत होतं, पांढरा कोबी. गोठ्यातला बैल दाखवला. "ब्यावी." मग माझ्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ब्यावा." आणि मग नळी उचलून माझ्या डोळ्यांसमोर आणली. "ब्यावी, ब्यावा, ब्यावे... ब्याव-को."

पांढरा, पांढरी, पांढरं. आणि ब्यावको, म्हणजे 'पांढुरकं' म्हणावं तसं काहीतरी. दीड वर्ष मी हे दोन्ही शब्द तोंडात घोळवत होते आणि ते एकमेकांचे सख्खे आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ब्यावको म्हणजे अंडं नव्हतंच. अंड्यातलं जे पांढरं होतं, त्याला ते पांढरं म्हणून पांढरं म्हणत होते, इतकंच. बाईंनी स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बुबुळाभोवतालचं पांढरं दाखवलं. तेही ब्यावको. मग दंडाचं मांस चिमटीत धरलं, ब्यावको. ओसरीवरच्या दुधाच्या चरवीकडं बोट केलं, ब्यावको. शेवटी आव्वाच्या सुपातली मूठभर डाळ ओंजळीत घेतली आणि तीच तिच्यापुढं धरली. "ब्यावको. पुष्कळ."

बाहेरून बघितलं तर दूध पांढरं, डाळ पिवळी, मांस लाल. पण या सगळ्यांत एक वस्तू सारखी होती. तापवली की ती जशी दिसते, तसं त्या लोकांनी तिचं नाव ठेवलं होतं. आणि ती वस्तू वहिनीच्या अंगात राहायची सोडून या नळीत उतरली होती. माझ्या नळीत ती नव्हती, कारण ती तिथं असायलाच नको होती.

"गुणा, काय सांगतीय ती?" आव्वानं विचारलं.

"आव्वा, अंगातलं सत्त्व आहे ते," मी म्हटलं. "दुधात असतं, डाळीत असतं, आपल्या मांसात असतं. ते वहिनीच्या लघवीवाटे वाहून चाललंय. म्हणून सूज आहे. ती अंगानं भरलेली नाही. अंडं खायला घाला असं त्या म्हणतच नव्हत्या."

"अंड्याचं कुणी काय बोललं होतं?"

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

मग मी सगळं सांगितलं. मला शब्दाचा अर्थ काय वाटला, आण्णाला मी काय सांगितलं आणि काय गाळलं. बाईंनी 'आज' म्हटलं होतं, तो आज काल होता, हेही. छावणीत जायचं बंद होईल म्हणून भ्यायले, हे सांगताना मला जमिनीकडं बघावं लागलं. आण्णा दारात उभा होता. त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, परत बांधला.

आव्वानं मला शिव्या दिल्या नाहीत. ती आत गेली आणि वहिनीची दोन लुगडी आणि पांघरूण गाठोड्यात बांधून घेऊन आली. बाईंच्या समोर उभी राहून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "एक विचार. तिथं तिच्या तोंडात काय घालणार?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, मी शिजवीन. तुम्ही सांगाल तेवढंच. आव्वा एकेक सांगत गेली. मुगाची डाळ, भात, दूध, लसूण नको, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. बाईंनी वही काढून त्यांच्या लिपीत ते लिहून घेतलं आणि मोठ्यानं परत वाचून दाखवलं. मूग. भात. दूध. सूर्य आधी. त्यात त्यांनी स्वतःचा एक शब्द घातला: मीठ न्हाई. आव्वानं आतून न वापरलेलं नवं पितळी पातेलं आणून त्यांच्या हातात दिलं. देताना तिचा हात बाईंच्या हाताला लागला. तिनं तो मागं घेतला नाही.

अर्ध्या वाटेत वहिनीला झटका आला. आधी तिचा ओठ उडायला लागला, मग मान वाकडी झाली, आणि मग सगळं अंग. आण्णा बैल सोडून मागं धावला. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, स्वतःच्या कमरेचा कातडी पट्टा दुमडून तिच्या दातांत दिला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन आण्णाला शांतपणे म्हणाल्या, "चला. बैल. चला." त्या आवाजावर आण्णा परत जाऊन जुवाशी बसला. ती बाई घाबरली असती तर आम्ही तिथंच रस्त्यात बसून राहिलो असतो.

छावणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं दिली. त्या दिवशी आणखी दोन झटके आले. दोन दिवस तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ झालं. मुलगी होती, चिमुकली, नाकीडोळी नीटस, आणि तिच्यात जीव नव्हता. वहिनी वाचली.

त्या पंधरा दिवसांत बाईंची शाळा सकाळी असायची. दुपारी त्या बराकीबाहेर तीन दगडांच्या चुलीवर पितळी पातेल्यात मूग आणि भात शिजवायच्या, पाच वाजायच्या आत दवाखान्यात आणून वहिनीला भरवायच्या. एकदा त्यांना उशीर झाला. सूर्य टेकडीवर आला होता, तर त्या ताटली हातात घेऊन वाळूच्या रस्त्यानं पळत आल्या. छावणीतली पोरं थांबून बघत होती. शेवटचा घास वहिनीनं गिळला तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर वाकून सूर्य अजून आहे याची खात्री करून घेतली. माझ्या आईचा नियम माझ्यापेक्षा त्या कडक पाळत होत्या. तो नियम का आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एक दिवस त्या दवाखान्यामागच्या नळावर पातेलं घासत होत्या. मी जाऊन शेजारी बसले. बरेच दिवस जे पोटात होतं ते विचारलं. मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर ती मुलगी जगली असती का?

त्यांनी पातेल्यातली राख धुतली. "न्ये व्येम," त्या म्हणाल्या. मला ठाऊक नाही.

मी वाट बघत होते, की त्या पुढं काहीतरी बोलतील, नसती जगली असं म्हणतील. त्या तसं म्हणाल्या नाहीत. पातेलं उन्हात पालथं घातलं आणि मग सांगायला लागल्या. थोडं मराठीत, थोडं त्यांच्या भाषेत, मला कळेल असं सावकाश. त्या थंडीच्या मुलखात त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता, सहा वर्षांचा. खायला मिळायचं ते कण्यांचं पाणी. एक दिवस त्याचे पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, पोरानं बाळसं धरलं. बाईंनी अंगठा दाबून बघितला आणि खळगा तसाच राहिला.

"मला शब्द माहीत होता," त्या म्हणाल्या. "काय पाहिजे, ते माहीत होतं. दूध. डाळ. अंडं. कुठलंही ब्यावको. दहा गावांत मागितलं. नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "इथं तुझ्या आईच्या मांडीवर होतं. सुपात."

त्या रडल्या नाहीत. उठून पातेलं उचललं आणि आत गेल्या, कारण पाच वाजत आले होते.

वहिनीला घरी आणल्यावर मी तिला माझं निम्मं राहिलेलंही सांगितलं. कट्ट्यावर बोलले होते तेव्हा ती डोळे मिटून होती, तिला किती कळलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, वहिनी, त्या आजच न्या म्हणाल्या होत्या, आणि तू डोकं दुखतंय म्हणालीस तेव्हाही मी बोलले नाही. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तशीच म्हणाली, "मलापण ऐकायचं नव्हतं, वन्सं. तुमचं एकटीचं न्हाई ते." त्यानंतर आमच्यात त्याची गोष्ट निघाली नाही. पुढं तिला दोन मुलगे झाले.

छावणी आणखी तीन वर्षं होती. मी रोज दुपारी बाईंकडं जाऊन बसायला लागले. त्यांनी मला नळी कशी धरायची, किती तापवायची, व्हिनेगर कधी घालायचं ते शिकवलं, आणि मी त्यांना मराठी. अट्ठेचाळीस साली उरलेली माणसं निघाली तेव्हा बाई इंग्लंडला जाणाऱ्यांत होत्या. स्टेशनवर गर्दी होती. आव्वा कधी नव्हे ती छावणीच्या रस्त्यानं चालत आली. तिनं बाईंना हळदीकुंकू लावलं, खणानं ओटी भरली. बाईंचा नवरा लढाईत गेलेला, हे तिला मीच सांगितलं होतं. तिनं आजूबाजूच्या बायकांकडं बघितलंसुद्धा नाही.

गाडी गेल्यावर घरी येताना मी आव्वाला विचारलं, की मी नर्सिंगचं शिकायला जाऊ का. हे मी दोन महिने मनात घेऊन फिरत होते. आमच्या घरातली विधवा मुलगी परक्या माणसांची घाण काढायला जाणार, हे भावकीत कुणाला रुचणार नव्हतं. आव्वा उसाच्या फडाच्या कडेनं पुढं चालत होती. तिनं चाल कमी केली नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही.

"जा," ती म्हणाली. "पण तिथं जे कळंल, ते बायकांना पुरतं सांगायचं. कुणाला काय वाटंल म्हणून मधलं गाळायचं न्हाई."

जूनमध्ये आण्णानं माझी पत्र्याची पेटी गाडीत ठेवली आणि मला मिरजेच्या गाडीत बसवून दिलं.